दाखूबाईंचा मोबाईल-त्याग

"शेटजी, बाई गावले गई का?"

कालीबाईनं हे विचारलं तेव्हा इंदरमलशेठ गूळ फोडत होते, आणि गूळ फोडताना कुणी मध्ये बोललेलं त्यांना खपत नसे. कालीबाई डोंगराकडच्या पाड्यावरची. दर बाजाराला खांडबाऱ्यात यायची आणि मीठ, तेल, चहापत्ती त्यांच्याकडूनच न्यायची. तिची सासूसुद्धा इथूनच न्यायची. शेठनी मान वर न करता सांगितलं, "नही, घरमाच शे." त्यावर ती बाई पिशवी सावरत अगदी सहज म्हणाली, "मंग तिना हासाना आवाज काबरं येत नही?" आणि उत्तराची वाटही न बघता समोरच्या सुक्या मासळीच्या पाट्यांकडे निघून गेली. शेठ हातात गुळाचा खडा धरून बसून राहिले. दुकानामागे एक पडदा आणि पडद्यामागे स्वयंपाकघर, एवढंच अंतर. त्यांनी कान दिला. तिकडे फ्रीज घरघरत होता. स्टेशनावरून एक मालगाडी कंटाळल्यासारखी गेली. कपबशी ठेवल्याचा आवाज आला. बाकी काही नाही. एरवी ही शांतता त्यांना बरी वाटली असती. किंबहुना गेला महिनाभर ती बरीच वाटत होती, घरात शिस्त आल्यासारखी. पण पाड्यावरून येणाऱ्या बाईला जे ऐकू येत नव्हतं ते आपल्याला ऐकू येत नसल्याचं आपल्याला कळलंसुद्धा नाही, हे त्यांना टोचलं. गुळाचा खडा त्यांनी तोंडात टाकला आणि मग आठवलं की आज गूळ सोडलेला आहे. पावसाळ्यातल्या चौमासात ते रोज काही ना काही सोडत असत.

शेठच्या बायकोचं, दाखूबाईंचं, हसणं म्हणजे काही घरंदाज हसणं नव्हतं. तोंड उघडून, हाताशी येईल त्याच्यावर थाप मारून, शेवटी ठसका लागेपर्यंत त्या हसत. दुपारी जेवणं आटोपली की पोह्यांच्या डब्याला मोबाईल टेकवून ठेवत, समोर पाटावर बसत, आणि मग त्या डब्यापाशी कोण कोण बाया बोलू लागत. मारवाडीच, पण शेठच्या घरातली खानदेशात पिढ्यान् पिढ्या मुरलेली, अर्धी अहिराणी झालेली मारवाडी नव्हे. ती तिकडची, वाळूतली, शब्द ओढून ओढून बोलायची. शेठना त्यातलं पुरतं कळत नसे, आणि न कळलेल्या गोष्टीवर कुणी हसत असलं की माणसाला ते आपल्यावरच हसताहेत असं वाटतं. गिऱ्हाईक समोर उभं असताना पडद्यामागून असा ठसका आला की ते खाकरत. मग आतला आवाज लहान होई, थोड्या वेळानं पुन्हा मोठा होई. एकदा त्यांनी विचारलंही होतं, "एवढं काय असतं त्यात?" त्या डोळे पुसत म्हणाल्या होत्या, "कांई कोनी." काही नाही. आता काही नसलेल्या गोष्टीपुढं माणूस काय बोलणार? पण ते "कांई कोनी" त्यांच्या मनात खड्यासारखं राहिलं. आपल्याशी बोलताना ही कधी ठसका लागेपर्यंत हसली आहे का, असा प्रश्न त्यांना पडला होता. तो त्यांनी झटकला, कारण सत्तरी गाठलेल्या माणसाला असले प्रश्न शोभत नाहीत असं त्यांचं मत होतं.

मग सुरतेहून पारसनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, मोबाईलवर एक मजकूर पाठवला. जास्त वेळ इंटरनेटवर असणारी माणसं आतून दुःखी होत जातात, त्यांची झोप जाते, आणि त्यांना स्वतःला ते कळतही नाही, असं त्यात लिहिलं होतं. शेठनी तो मजकूर चष्मा पुसून पुसून वाचला, मित्रांना पाठवला, पुन्हा वाचला. मोबाईलचा धोका आपल्याला मोबाईलनंच कळवला यात त्यांना काही वावगं दिसलं नाही. त्यांना एकदम हलकं वाटलं. आपल्याला जे टोचत होतं तो हेवा नव्हता, काळजी होती! बायको दुःखी होत चालली आहे, तिला कळत नाही, आणि आपल्याला कळलं आहे. माणसाला आपल्या मनातल्या वाईटाला एखादं चांगलं नाव मिळालं की तो किती उत्साहानं कामाला लागतो! आषाढात नंदुरबारच्या जैन स्थानकात महासतीजींचा, म्हणजे साध्वीजींचा, चौमासा सुरू झाला, तेव्हा दोघं सकाळच्या गाडीनं दर्शनाला गेले. शेठनी प्रवचनाआधीच पुढे होऊन हात जोडून सांगून ठेवलं, "आमच्या घरात मोबाईल जरा फार झाला आहे." महासतीजींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "नियम ज्याचा त्यानं आपल्या मनानं घ्यायचा असतो, श्रावकजी." प्रवचनात त्यांनी विचारलं, कुणाला काय सोडायचं आहे. कुणी हिरवी भाजी सोडली, कुणी चपला सोडल्या. पुरुषांच्या बाजूनं शेठनी मान वळवून बायकांच्या बाजूला पाहिलं. नुसतं पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला फारसं काही सांगितलंच नव्हतं, ते असं पाहत, आणि काम होऊन जाई. दाखूबाई उठून उभ्या राहिल्या आणि पदर सावरून म्हणाल्या, "म्हारै मोबाईल रो त्याग. चौमासो पूरो होवै जठै तांई." शेठना वाटलं होतं आठ दिवसांचा घेतील, फार तर पर्युषणापर्यंतचा. चार महिने! कार्तिकी पौर्णिमेपर्यंत! सगळा हॉल "अनुमोदना, अनुमोदना" म्हणाला. संध्याकाळी समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दाखूबाईंचा हात जोडलेला फोटो आला आणि त्याच्याखाली हार, दिवे आणि पुन्हा अनुमोदना. सगळ्या गावानं तो पाहिला, फक्त दाखूबाईंना पाहता आला नाही.

त्यांनी मोबाईल बंद केला, रुमालात बांधला आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिला. झालं. रुसवा नाही, टोमणा नाही. रुसल्या असत्या तर शेठना पुढचं सगळं ठाऊक होतं. रुसव्याची सवय होती. त्यांचा साधा हिशेब होता की मोबाईलकडून जेवढा वेळ सुटेल तेवढा आपल्याकडे येईल. दुपारी ते दुकानाची अर्धी फळी लावून मुद्दाम आत जाऊन बसू लागले. दाखूबाई डाळ निवडत. डाळ निवडून झाली की तांदूळ. तांदूळ झाला की स्वच्छ निवडलेली डाळ पुन्हा. शेठ काही बोलत, त्या "हां" म्हणत. ते म्हणत, आज ऊन फार आहे, तर हां. पारसचा फोन आला होता, हां. कोणत्याही प्रश्नाचं उत्तर त्या टाळत नव्हत्या, पण शेठकडे प्रश्नच नव्हते. मग ते पेपर वाचत. पेपराच्या वरून त्यांना दाखूबाईंचे हात दिसत, डाळीवरून फिरणारे, आणि कधीतरी मान उचलून त्या पोह्यांच्या डब्याकडे बघत. डब्यात पोहेच होते. पुन्हा मान खाली. हे सगळं त्यांनी महिनाभर पाहिलं होतं आणि कालीबाईनं विचारेपर्यंत त्यांना ते दिसलं नव्हतं. आता एकामागून एक दिसू लागलं. आणि त्यामागून भलतंच जुनं काही: खांडबाऱ्याच्या फलाटावर पहिल्यांदा उतरलेली, अंगभर लाल ओढणी घेतलेली, नाकाला पदर लावलेली मुलगी. बाजाराचा दिवस होता आणि सुक्या मासळीचा वास स्टेशनापर्यंत आला होता. तिनं त्यांना पहिलं वाक्य विचारलं होतं ते हे, की इथून आमचं गाव कुठल्या दिशेला? त्यांनी वर सूर्याकडे बघून हात करून दाखवला होता. वर्षभर ती अंगणात त्या बाजूला तोंड करून दात घासायची. मग मासळीवाल्या बायांशीच तिची मैत्री झाली, त्यांची बोली तिनं उचलली, पारस झाला, रूपल झाली, दोघांची लग्नं झाली. दिशेचं ते शेठ विसरूनच गेले. आपण हात केला होता तो बरोबर दिशेला केला होता का, याची त्यांना आज पहिल्यांदाच शंका आली.

नियम मोडता येत नाही, हे सांगायला त्यांना कुणाची गरज नव्हती. घेतलेला नियम सोडावा असं बायकोला सुचवणं म्हणजे पापाची दलाली. आणि दाखूबाईंनी ते ऐकलंही नसतं. त्या नुसत्या बघतच राहिल्या असत्या, आणि ते बघणं शेठना झेपलं नसतं. दोन-तीन दिवस ते तोंड कडू झाल्यासारखे वावरले. एका सकाळी सामायिकाला, रोजच्या पाऊण तासाच्या साधनेला, बसले, तोंडावर मुहपत्तीची पांढरी पट्टी, समोर घड्याळ. लहानपणापासून रोज म्हणत आलेला पाठ जिभेवरून आपोआप चालला होता: करणार नाही, करवणार नाही, मनानं, वाचेनं, कायेनं. आणि तिथं ते थबकले. करणार नाही. करवणार नाही. पण साधूंच्या नियमात तिसरंही एक असतं: दुसऱ्यानं केलेल्याला अनुमोदन देणार नाही. संसारी माणसाला तेवढी सूट आहे. दाखूबाईंनी मोबाईल हाती घ्यायचा नाही, कुणाला घ्यायलाही सांगायचं नाही, डोळ्यानंसुद्धा सुचवायचं नाही. पण कुणी आपल्या मनानं, न सांगता, केलं, आणि त्या मनातल्या मनात खूश झाल्या, तर? शेठनी उरलेलं सामायिक कसं पुरं केलं ते त्यांनाच ठाऊक. मन ताब्यात नव्हतं, त्याचं काय ते प्रायश्चित्त नंतर घेऊ म्हणाले. पण न सांगता करणं! आयुष्यभर ज्यानं सांगितल्याशिवाय पाण्याचा तांब्या जागचा हलवला नाही, त्या माणसाला आता सगळं न सांगता करायचं होतं. कारण सांगण्याची वाट त्यानंच बंद करून टाकली होती.

कपाटातून मोबाईल काढताना त्यांना चोरी करतोय असं वाटलं. साड्यांना कापराचा वास येत होता. लॉक नव्हतं, पुण्याला असलेल्या नातीनं, शिखानं, आजीला पॅटर्न लक्षात राहत नाही म्हणून ते कधीच काढून टाकलं होतं. दुसऱ्याचं बोलणं असं उघडून बघणं बरोबर नाही हेही त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी ठरवलं, मनात वाचायचं नाही. जे वाचायचं ते मोठ्यानं, तिच्या कानावर पडेल असं. रिचार्ज संपलेलं होतं, ते केलं. दुपारी स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसले आणि कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाले, "म्हैं म्हारै वास्तै बांचूं हूं." मी माझ्यासाठी वाचतोय. दाखूबाई गॅसपाशी होत्या, वळल्या नाहीत. ग्रुपचं नाव होतं "गवाडी री छोरियां", आळीतल्या पोरी. या पोरी सगळ्या साठीच्या पुढच्या. एकाच आळीत ठिकरीचे डाव खेळलेल्या आणि मग लग्न होऊन एक चेन्नईला, एक बेळगावला, एक आसामात कुठंतरी, एक खांडबाऱ्याला अशा फेकल्या गेलेल्या. एकमेकींना पुन्हा भेटल्या त्या थेट या पडद्यावर, पांढऱ्या केसांनी. शेठ दुकानातल्या आवाजात, यादी वाचल्यासारखे वाचू लागले. गवरीनं केर-सांगरीची भाजी केली, मीठ विसरली. आसामवालीच्या सुनेला मुलगी झाली. चेन्नईच्या सुवाबाईनं नवी कवळी बसवली आहे आणि ती घातली की तिला आपण आपल्याच सासूसारख्या दिसतो असं वाटतं, खाली फोटो. "फोटो चांगला आहे," शेठ म्हणाले, आणि काय करावं न सुचून फोन थोडा वळवून धरला, गॅसच्या दिशेनं, भिंतीला दाखवल्यासारखा. दाखूबाईंनी कढईखालची आच बारीक केली. फोडणीचा चुरचुराट थांबला. त्यांनी मान वळवली नव्हती, काही विचारलं नव्हतं. फक्त आवाज कमी केला होता, ऐकू यावं म्हणून. शेठना इतका आनंद झाला की कवळीचं वाक्य त्यांनी पुन्हा एकदा वाचलं.

असं रोज सुरू झालं. सुवाबाई लिहीत नसे, बोलून पाठवी. तो आवाज स्वयंपाकघरात घुमला की भांडी थांबत. पण त्या पोरी काही नुसत्या सांगून थांबणाऱ्या नव्हत्या. दाखू कुठं गेली, दाखू बोलत का नाही, अशी विचारणा ढिगानं साठली होती. एका दुपारी शेठनी धीर करून बटण दाबलं आणि घसा साफ करून सांगितलं की दाखूबाईंचा चौमासाभर मोबाईलचा त्याग आहे, मी त्यांच्या घरून बोलतोय. तिकडे एकच कालवा! जावईबापू बोलले, जावईबापू बोलले! इतक्या वर्षांनी त्यांना कुणी जावईबापू म्हणत होतं. ते लाजले. त्या गडबडीत सुवाबाईचा आवाज आला: "दाखू रो हाथ अबै कियां है? अजै सूनो पडै कांई?" हात कसा आहे? अजून बधिर पडतो का? कुठला हात? कधीपासून? शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या बाईचा हात बधिर पडतो हे चेन्नईच्या बाईला ठाऊक होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. त्या पोळी लाटत होत्या. विचारता येत नव्हतं. विचारून तिकडे कळवलं तर ते त्यांनी करवल्यासारखं झालं असतं. आणि माहीत नाही म्हणायला शेठची जीभ रेटेना. ते म्हणाले, "ठीक है. अबै साव ठीक है." आता अगदी ठीक आहे. लाटणं थांबलं. एवढंच. नियमामुळे दाखूबाईंना बोलता येत नव्हतं. नवऱ्यानं आपल्या नावानं मारलेली थाप त्यांना तशीच राहू द्यावी लागली. लाटणं पुन्हा चालू झालं.

मग शेठ बघायला लागले. इतकी वर्षं ते बायकोकडे बघून कामं करून घेत आले होते, पण बायकोकडे बघितलं नव्हतं. डावा. डावा हात होता तो. सकाळी चहाची कपबशी त्या उजव्या हातानं आणत आणि डावा पदरात धरून ठेवत. कणीक भिजवताना मध्येच बोटं उघडझाप करत. पाण्याची कळशी उचलण्याआधी जरा थांबत, हाताला विचारल्यासारख्या. हे लपवलेलं नव्हतं, सगळं समोर होतं. त्यांना लाज वाटली, आणि लाजेच्या मागून इतकी माया दाटून आली की गिऱ्हाइकाला त्यांनी साखरेऐवजी रवा दिला. दुसऱ्या दिवशी पाणी भरायची वेळ झाली तेव्हा ते उठले, कळशी उचलली आणि मोरीत नेऊन ठेवली. दाखूबाई बघत राहिल्या. दुपारी त्यांनी बटण दाबून सांगितलं, "सुवाबाई, मी चुकीचं सांगितलं. हात बरा नाही. डावा हात आहे. सकाळी जास्त असतो. मला माहीत नव्हतं." आणि घाईघाईनं पुढे म्हणाले, "डॉक्टरकडे नेणार आहे." हे शेवटचं त्यांनी त्याच क्षणी ठरवलं होतं. तिकडून कुणी कालवा केला नाही. सुवाबाईचा आवाज आला, आणि तो नेहमीसारखा मोठा नव्हता. ग्रुपवर बोलत होती, पण एकट्या शेठशीच बोलावं तसं बोलली. म्हणाली, हाताचं कळलं जावईबापू, हात काय, औषधानं जाईल. आम्हाला फोन केल्यावर ती हसते, आम्हीही हसतो, पण हसून झालं की फोन बंद होतो. मागचं आम्हाला इथून दिसत नाही. तुम्ही तिथं आहात, तुम्हाला दिसतं. एवढंच सांगा. "दाखू राजी है नी?"

राजी आहे ना. सुखात आहे ना.

शेठचा अंगठा बटणावर होता. स्वयंपाकघरात काहीही वाजत नव्हतं. राजी आहे असं म्हणणं किती सोपं होतं! कुणीही म्हटलं असतं. चांगलं घर, चालतं दुकान, मुलं मार्गी लागलेली, सगळं राजीखुशी. पत्रांच्या काळी ते प्रत्येक पत्राच्या पहिल्या ओळीत हेच लिहीत, सासऱ्यांना, न विचारता. हाताचं बघून कळलं होतं. कळशीचं बघून कळलं होतं. त्यांनी पुष्कळ बघितलं: ओट्याला टेकलेली, पांढरी वेणी पाठीवर सोडलेली ती बाई, भिंतीकडे तोंड करून उभी. हे बघून कळणारं नव्हतं. त्यांनी अंगठा काढला. मोबाईल बंद केला, पार बंद, दिवा जाईपर्यंत, आणि आत कपाटात साड्यांखाली ठेवून आले. परत येऊन ओट्याशी उभे राहिले. काय म्हणून हाक मारावी ते त्यांना सुचेना. नावानं त्यांनी कधी हाक मारली नव्हती, "सुणै है कांई", ऐकतेस का, एवढ्यावर जन्म निघाला होता.

"दाखू," ते म्हणाले. "तू राजी है कांई?"

त्या वळल्या. डावा हात पदरात होता. नवऱ्याच्या तोंडाकडे त्यांनी नीट निरखून बघितलं, मग त्याच्या रिकाम्या हातांकडे.

"थे पूछो हो," त्यांनी विचारलं, "कै वे पूछै है?"

तुम्ही विचारताय, की त्या विचारताहेत?

"म्हैं पूछूं हूं."

दुकानातून कुणीतरी हाक मारली, शेटजी, तेल द्या. पुन्हा मारली. दाखूबाईंनी गॅस बंद केला, उजव्या हातानं पाट ओढून भिंतीशी लावला आणि त्यावरचं पीठ पदरानं पुसून टाकलं.

"तो बैठो," त्या म्हणाल्या. "टेम लागसी." वेळ लागेल.

इंदरमलशेठ पाटावर बसले.